चुकीच्या झाकणांचं दूध

दोन तारखेला संध्याकाळी दुकानातल्या यंत्राने बसताईचं शिधाकार्ड तिसऱ्यांदा नाकारलं, तेव्हा गल्ल्यावरची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुमचंच नाही. कालपासून कुणाचंच चालत नाहीये."

बसताई शाळेची बस चालवायची. तिचं खरं नाव मुलांनी केव्हाच पुसून टाकलं होतं आणि आता मुलांचे आईबापही तिला बसताईच म्हणायचे. पगारातून घरभाडं आणि आबांची औषधं निघायची. जेवण निघायचं ते त्या कार्डावर. दर महिन्याच्या एक तारखेला सरकार त्यावर शिधा जमा करायचं, की पीठ, तेल, कडधान्य, दूध घरात यायचं. या महिन्यात वरच्या लोकांचं अंदाजपत्रकावरून भांडण जुंपलं आणि शिधा मधल्यामध्ये अडकला. बातम्यांमध्ये त्याला 'तात्पुरता खंड' म्हणत होते. बसताईच्या घरी पिठाचा डबा तळ दाखवत होता.

"दोन दिवस निघतील ना?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे तिचे वडील. बत्तीस वर्षं बंदरावर क्रेनवाल्यांना हातांनी इशारे द्यायचं काम केलेला माणूस. यंत्रांच्या धडधडाटात एक कान पुरता आणि दुसरा अर्धा गेला होता, ताठा मात्र जसाच्या तसा होता.

"दोन निघतील. मग?"

"मग बघू. पण त्या अन्नपेढीच्या रांगेत उभी राहू नकोस. सांगून ठेवतो."

बसताईने डब्याचं झाकण लावलं. आबांशी वाद घालायचा तर ओरडावं लागे आणि ओरडून बोललं की सगळ्या मजल्याला ऐकू जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून तिने बस डेपोत लावली आणि थेट अन्नपेढी गाठली. ही पेढी एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानात होती. शेल्फांवर आता टायरांऐवजी पिठाच्या पिशव्या होत्या, तरी रबराचा वास काही जात नव्हता. पेढी चालवणाऱ्या बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन होत्या, आणि सगळे त्यांना मेट्रनच म्हणत. त्यांच्या आवाजाने आजारी माणूस उठून बसायचा असं सांगतात. पेढी उघडली तेव्हा एक गृहस्थ बाही वर करून आत आले होते, रक्तपेढी समजून. मेट्रननी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "इथे रक्त घेत नाहीत हो, वाढवतात." ते गृहस्थ आजही दर बुधवारी पिशव्या भरायला येतात.

एरवी बुधवारी शंभरेक घरं यायची. आज रांग गल्लीतून बाहेर पडून पार औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. बसताईने गणवेशाच्या जाकिटाची कॉलर वर केली, मान खाली घातली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. कुणी ओळखीचं दिसू नये एवढंच मागत होती.

"बसताई!"

सहा वर्षांची एक चष्मेवाली पोरगी, रोज पुढच्या सीटवर बसणारी. दोन दिवस तापाने शाळेत आली नव्हती. शेजारी तिची आई, दवाखान्यात हिशेबनीस.  मग त्या आईनेच विचारलं, "तुमचंही?"

"आमचंही."

"बरं झालं बाई," ती आई म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून तिने तोंडावर हात ठेवला. दोघींना इतकं हसू आलं की पुढचे चार जण वळून बघायला लागले. बसताईने कॉलर खाली केली. 

साडेनऊच्या सुमारास मेट्रन दाराशी आल्या. "ऐका! पीठ संपलं. तेल संपलं. कडधान्य पुढच्या तीस जणांपुरतं आहे. खोटं कशाला बोलू?"

 रांगेतलं कुणी हललं नाही. तेवढ्यात मेट्रनच्या खिशातला फोन वाजला. त्यांना कानाला लावून ऐकायची सवय नव्हती. स्पीकरवर टाकून त्या हात लांब करून धरायच्या, त्यामुळे अर्ध्या रांगेने, बसताईनेही, सगळं ऐकलं.

फोन एका दूध डेअरीतून होता. एकेक लिटरच्या सहा हजार बाटल्या. दूध पूर्ण मलईचं, पण झाकणं बसली बिनमलईच्या दुधाची, निळी. मोठ्या दुकानांनी सगळी गाडी परत फिरवली. दूध चांगलं होतं, दहा दिवस टिकणारं. त्याच गाडीत सफरचंदांच्या दोनशे पेट्या, गारांचे डाग पडल्यामुळे नाकारलेल्या. "घ्यायचं तर दोन्ही घ्या," पलीकडचा माणूस घाईघाईने म्हणाला. "गाडी तुमच्यापासून चाळीस मिनिटांवर आहे. दहा मिनिटांत कळवा, नाहीतर सगळं ओतून टाकायचा हुकूम आहे."

मेट्रननी आत वळून बघितलं. पेढीत दोन फ्रिज होते, त्यातल्या एकाचं दार दोरीने बांधलेलं. "अहो, सहा हजार बाटल्या मी काय माझ्या न्हाणीघरात ठेवू? दुपारपर्यंत नासतील. मला नाही..."

"हो म्हणा!"

कुणी ओरडलं ते बसताईला आधी कळलंच नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं. ती रांग सोडून पुढे आली होती.

"हो म्हणू?" मेट्रन म्हणाल्या. "आणि ठेवू कुठे?"

बसताईने समोर बोट केलं. गल्लीच्या पलीकडे फुलांच्या ठोक व्यापाऱ्याचं दुकान होतं. त्याची शीतखोली दोन वर्गखोल्यांएवढी होती, हे ती रोज डेपोत चालत जाता येता उघड्या शटरमधून बघायची.

"तो?" मेट्रननी कपाळाला हात लावला. "बाई गं, गेल्या आठवड्यात रांग त्याच्या शटरसमोर आली म्हणून आमचं तू तू मी मी झालंय. मी त्याला वाळलेला निवडुंग म्हटलं."

"मी नाही ना म्हटलं," बसताई म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

फुलवाले काका टेबलाशी उभे राहून गुलाबांचे देठ छाटत होते. साठीचा, हडकुळा माणूस, गळ्यात मफलर, कारण दिवसाचा अर्धा वेळ शीतखोलीत जायचा. शेजारी देठ कापणाऱ्या बायकांचं लांब टेबल. चार जागा, त्यातली एक रिकामी. बसताईने एका दमात सगळं सांगितलं. काकांनी कात्री खाली ठेवली नाही.

"तापमान किती लागतं दुधाला?"

"चार."

"माझं तीन आहे. खोली अर्धी रिकामी आहे, लग्नं संपली." कात्री चालूच. मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्या रिकाम्या जागेवर बसणारी बाई तुमच्या रांगेत उभी आहे ना? सकाळी मला म्हणाली, दात दुखतोय, उशिरा येते. मी इथून बघितलं तिला. मला हाक मारायचं धाडस झालं नाही." त्यांनी कात्री ठेवली. "आणा दूध."

बसताई दारापर्यंत पोचली, तोवर मागून आवाज आला, "ओ! फक्त दूधच ना? सफरचंदं वगैरे नाहीत ना?"

तिने डोळे मिटले. "आहेत. दोनशे पेट्या."

"मग एकही पेटी आत येणार नाही!" काका पहिल्यांदाच ओरडले. "सफरचंदाच्या वाऱ्याने फुलं एका दिवसात माना टाकतात. दूध ठेवा, म्हशी आणून बांधा हवं तर, पण सफरचंद नाही!"

"नाही आणत!" असं म्हणून ती पळाली. दहातलं नववं मिनिट चालू होतं. तिने रस्त्याच्या मधूनच दोन्ही हात वर केले आणि मेट्रन फोनमध्ये अशा ओरडल्या, "पाठवा!" की तो फोन नसता तरी डेअरीत ऐकू गेलं असतं.

मग गडबड उडाली. मेट्रननी रांगेसमोर खुर्ची ठेवली, तिच्यावर चढल्या आणि इस्पितळातला आवाज काढला. "ज्यांची पाठ धड आहे ते डावीकडे! ज्यांची नाही ते उजवीकडे, त्यांनी पिशव्या उघडून धरायच्या! आणि ज्या कुणाची ती हिरवी मोटार आहे त्याने ती आत्ताच्या आत्ता हलवावी!" तासभर मान खाली घालून उभी असलेली माणसं बाह्या सरसावायला लागली. हिशेबनीस आईने वहीचं पान फाडून पेट्यांचा हिशेब लिहायची तयारी केली. चष्मेवालीला मेट्रननी काकांच्या शटरशी उभं केलं, 'सफरचंद दिसलं की ओरडायचं' या कामावर.

गाडी आली ती ठरल्या वेळेला, पण केवढी! गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि उजेड कमी झाला. ड्रायव्हरने खाली उतरून गल्ली पाहिली, दोन्ही बाजूंच्या मोटारी पाहिल्या, विजेचा खांब पाहिला आणि मान हलवली. "ही आत जाणार नाही. उलटी घालायची तर अजिबातच नाही. इथेच उतरवा."

"तीनशे पावलं आहेत तिथून," मेट्रन म्हणाल्या. "पाचशे क्रेट आणि दोनशे पेट्या, उन्हात?"

"मी काय करू बाई? खांबाला घासली तर माझी नोकरी जाते."

बसताई स्वतः रोज बस चालवायची. तिलाही ती गल्ली बघून घाम फुटला. आणि नेमकं तेव्हाच गर्दीतून एक चिरपरिचित आवाज आला, औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा, कारण बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसे.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

आबा. घरच्या चपला, अंगात बटणं वरखाली लागलेला शर्ट. पिठाचा डबा उघडून पाहिला असणार, आणि लेक कुठे गेली ते ओळखलं असणार.

"आबा, नंतर बोलू."

"नंतर नाही! आपल्या घरात कधी कुणी..." आबांची नजर तिच्या खांद्यावरून गाडीवर गेली. वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी गाडी मागून पुढे पाहिली, मग खांब, मग गल्लीचं वळण, आणि ओठांनी काहीतरी मोजलं. "हिला कोण आत घेतंय?"

"कुणीच नाही. जात नाही म्हणे."

"जात नाही?" आबांनी तिला बाजूला सारलं. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन ते म्हणाले, "बाळ, वर बस. रेडिओ बंद. माझ्या हातांकडे बघायचं, दुसऱ्या कशाकडेही नाही. मी मूठ आवळली की थांबायचं. कुणी काही ओरडलं तरी माझी मूठ उघडेपर्यंत हलायचं नाही."

"तुम्ही कोण?"

"बंदरात तुझ्यासारखे दिवसाला चाळीस आत घ्यायचो."

ड्रायव्हरने मेट्रनकडे बघितलं. मेट्रननी बसताईकडे. बसताईने मान हलवली. ती लहानपणी धक्क्यावर डबा घेऊन जायची तेव्हा हे हात तिने पाहिले होते.

आबा गल्लीच्या मधोमध उभे राहिले, पाठ ताठ, पाय फाकवून. डावा हात वर गेला. गाडी मागे यायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं वळली, गाडीचं शेपूट वळलं. मूठ. गाडी थांबली. खांब आणि गाडी यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. कुणीतरी "अरे अरे अरे!" म्हणून किंचाळलं, पण आबांना ते ऐकूच आलं नाही आणि ड्रायव्हर त्यांच्या मुठीवरून नजर हटवत नव्हता. मूठ उघडली. तळहात हळू हळू, जणू मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा मागे गेला, आणि तेवढ्याच हळू ती गाडी खांबाशेजारून सरकत आत आली. दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. मागचं दार पेढीपासून सहा पावलांवर आलं तेव्हा आबांनी दोन्ही हात छातीशी एकमेकांवर आडवे धरले. काम संपलं.

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मात्र आबांना ऐकू गेला. त्यांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं आणि शर्टाची बटणं नीट लावायला घेतली. ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्या पाया पडायच्या बेतात होता. आबांनी त्याच्या हातात क्रेट दिला.

साखळी लागली. गाडीतून पेढीकडे नाही, सरळ रस्त्यापलीकडे. क्रेट हातातून हातात जात होते, कुणी मोजत होतं, कुणी चुकून मोजत होतं, हिशेबनीस आई ओरडून दुरुस्त करत होती. साखळीच्या शेवटी काका मफलर सोडून शीतखोलीत उभे होते आणि ती दात दुखणारी बाई त्यांच्या शेजारी क्रेट रचत होती. काकांनी आपला मफलर तिच्या गळ्यात घातलेला सगळ्यांना दिसला. लिलीच्या बादल्यांच्या मधोमध निळ्या झाकणांचे मनोरे उभे राहिले. मेट्रन आत डोकावल्या, नाकात फुलांचा वास गेला आणि त्या म्हणाल्या, "निवडुंग म्हटलं ते मागे घेते."

"वाळलेला तेवढं मागे घ्या," काका म्हणाले. "निवडुंग चालेल."

"सफरचंद!" चष्मेवाली जिवाच्या आकांताने किंचाळली. एक चुकलेली पेटी दारातूनच परत गेली.

पावणेबाराला गाडी रिकामी झाली. रांगेतल्या प्रत्येकाला दूध मिळालं, सफरचंदं मिळाली, तरी सव्वाशे पेट्या फुटपाथवर उन्हात होत्या. मेट्रननी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "माझ्याकडे ही साठ नावं आहेत. जिना उतरू न शकणारी, पाय मोडलेली, तान्ही पोरं घेऊन एकटीच असलेली. यांना घरी नेऊन द्यायचं तर गाडी हवी."

बसताईने घड्याळ बघितलं. बारा वाजत होते. तिची बस दोन चाळीसपर्यंत डेपोत नुसती उभी असणार होती. छप्पन सीटा. तिने डेपोवाल्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, बस हवीय. शाळेच्या वेळेआधी परत आणते."

"कशाला?"

तिने सांगितलं.  मग साहेबांचा कोरडा आवाज, "खासगी कामाला बस देता येत नाही. नियम तुला पाठ आहेत."

"आहेत, साहेब."

"हं." कागद उलटल्याचा आवाज. "मघाशीच तुझ्या बसचे ब्रेक बदललेत. भरल्या वजनावर ब्रेक तपासल्याशिवाय मुलांना बसवता येत नाही, हाही नियमच आहे. तपासलेस का?"

 "नाही, साहेब."

"मग तपास! आणि नीट थांबवून थांबवून तपास. साठ ठिकाणी तरी."

ती फोन हातात घेऊनच पळत सुटली.

बस गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा चार सीटा सोडून तिच्या प्रत्येक सीटवर एक एक क्रेट आणि वर सफरचंदांची पेटी चढली. वळणावर सांडू नये म्हणून बसताईने सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले, आणि बावन्न क्रेट पट्टे लावून शिस्तीत बसले. "इतकी शहाणी पोरं मला एकदाही मिळाली नाहीत," ती म्हणाली. आबा पुढच्या सीटवर, मांडीवर यादी. शर्टाचा ताठा परत आला होता. सकाळच्या भांडणाबद्दल त्यांनी एकच वाक्य काढलं, तेही खिडकीकडे बघत: "रांगेत उभं राहणं आणि रांग चालवणं, यात बराच फरक आहे म्हणायचा."

"दोन्ही एकच रांग आहे, आबा," ती ओरडून म्हणाली. ते ऐकू आलं की नाही, त्यांनी कळू दिलं नाही.

मग थांबे सुरू झाले. मागे दूध पोचवायला मेट्रन, ते रक्तपेढीवाले गृहस्थ आणि ड्रायव्हर होते. ड्रायव्हर आपली गाडी औषधाच्या दुकानापाशी लावून 'जेवणाची सुट्टी आहे माझी' म्हणत चढला होता. दार उघडायचं, दोघं उतरायचे, जिने चढायचे, खाली यायचे, दार बंद. एका तळमजल्यावर जुळ्यांची आई दारात आली. एक पोर कडेवर, दुसरं पायाला चिकटलेलं. निळं झाकण बघून म्हणाली, "यांना मलईचं लागतं हो." मेट्रननी बाटली तिरकी करून दाखवली. मलई काचेसारख्या प्लास्टिकला चिकटून खाली आली आणि त्या बाईने बाटली दोन्ही हातांनी घेतली. पाचव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंनी लिफ्ट बंद म्हणून खिडकीतून दोरीला बांधलेली बादली सोडली. ड्रायव्हरने तीत दोन बाटल्या आणि सफरचंदं ठेवली. बादली वर गेली, लगेच खाली आली, आणि तीत चिठ्ठी होती: जाकिटाची शिवण उसवली आहे, वर पाठव. ड्रायव्हरने खांदा चाचपला. खरंच उसवली होती.

"वेळ नाही आजी!" बसताई खिडकीतून ओरडली.

"उद्या आण!" वरून उत्तर आलं.

साठाव्या दाराशी दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. बसताईने अशी बस आजवर चालवली नव्हती. वेग कुठेच नियमाबाहेर नव्हता, पण वळण म्हणून वळण वाया गेलं नव्हतं. तिचं सगळं अंग झिणझिणत होतं. सकाळी आपण कॉलर वर करून उभ्या होतो, हे तिला आठवलंसुद्धा नाही. सगळ्यांना गल्लीत सोडून, उरलेले क्रेट उतरवून ती शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा दोन अडतीस झाले होते. मागच्या सीटांवर सफरचंदांच्या चार पेट्या अजून पट्ट्यात बसल्या होत्या.

मुलं चढली आणि नाकं वर झाली. "बसताई, कसला वास?" "बसताई, हे कुणाचं?"

बसमध्ये खायचं नाही, हा तिचाच नियम, तिनेच पाटीवर लिहिलेला. तिने पाटीकडे पाठ केली. "एकेक घ्या. गाभा खिडकीबाहेर टाकला तर उतरवून देईन."

पुढच्या वळणापर्यंत अठ्ठेचाळीस तोंडं भरलेली होती आणि बसमध्ये फक्त कचाकच चावण्याचा आवाज होता. बसताईला आरशात सगळी मागची रांग दिसत होती.

सरकारी शिधा सुरू व्हायला त्यानंतर सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत गल्लीत बटाटे आले, अंडी आली, एकदा नुसतेच साडेतीनशे पाव आले. काकांची शीतखोली कधी दुधाची झाली, कधी भाज्यांची, आणि एका शुक्रवारी त्यांनी स्वतःहून पेढीच्या दारात पाटी लावली की शटरसमोर रांग चालेल. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी बसताई घरी आली, तर आबा भर उजेडात, चपला न काढता, खुर्चीवर गाढ झोपले होते. टेबलावर दुधाच्या दोन बाटल्या होत्या. तिने एक तापवायला ठेवली आणि उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली. पाय दुखत होते, हात दुखत होते, आणि तिला खूप मोठ्याने गावंसं वाटत होतं. आबांना तसंही ऐकू जाणार नव्हतं. ती गायली.